गाणं थांबलं की

१४ जानेवारी, मंगळवार

पासपोर्ट आज हातातून गेला. निवासपत्राच्या कचेरीतल्या बाईने तो उघडून पाहिला, तारेच्या टोपलीत टाकला आणि शिक्का मारलेली पोच माझ्याकडे सरकवली. कार्ड कधी मिळेल असं विचारलं, तर म्हणाली, बोलावू. परत येताना पोचेच्या प्रती काढून घेतल्या. एक पर्समध्ये, एक वहीत, एक पोलक्याच्या आत.

मी उगाच घाबरते आहे का, हे रस्ताभर स्वतःला विचारत आले. उगाच नाही. गेल्या सत्रात आमच्याच वर्गातला फ्रिट्झनेल दूध आणायला म्हणून बाहेर पडला होता. परदेशी माणसं धरून नेणाऱ्या जाळीच्या गाडीतल्या लोकांनी त्याची पोच उघडूनसुद्धा पाहिली नाही. संध्याकाळी तो सरहद्दीवरच्या दाहाबोनच्या पुलापलीकडे, आपल्या देशात उभा होता, हातात दुधाची पिशवी. परत येईपर्यंत प्रयोगशाळेतली हजेरी हुकली आणि वर्ष गेलं. त्याला पुन्हा प्रवेश मिळेल, तो पंचविशीचा आहे. पाणी-तपासणीच्या या अभ्यासक्रमात माझ्या वयाच्या माणसाला एकदाच घेतात. तिकडे आमच्या गावी, ओकापला, मी शिकवायची ती शाळा बंद पडली आहे. माझी मुलगी विडलीन माझ्या बहिणीकडे, गेर्दाकडे राहते आणि दर फोनवर विचारते, आई, तू तिकडेच राहशील ना. तिच्या वयाची मुलगी आईला परत बोलवते. ही मला तिकडेच राहा म्हणते, म्हणजे ओकापमध्ये काय चाललं असेल.

खोली मात्र बरी मिळाली. विद्यापीठ चालत गाठता येतं, हमरस्त्यावरच्या गाड्यांत बसावं लागत नाही. त्यांतूनच माणसं उतरवून घेतात. अंगणाभोवती पत्र्याच्या खोल्या आहेत आणि सगळ्यांत आमच्याकडचेच लोक राहतात, गवंडी, बिगारी, त्यांच्या बायका. शेजारची इमाकुला बांधकामाच्या फाटकाशी केळी तळून विकते. पहिल्या संध्याकाळी ती ताटलीत चार तुकडे घेऊन आली आणि आमच्या घरच्या बोलीत, क्रेयोलमध्ये म्हणाली, "मादाम, इथं राहायचं तर दुकानातल्या गाण्याकडे कान ठेवा."

मी फ्रेंचमध्ये आभार मानले. म्हटलं, मला संगीताचा फारसा नाद नाही, मी अभ्यासाला आले आहे. ती ताटली ठेवून गेली.

तोंडातून फ्रेंच का आली? इतकी वर्षं वर्गात तीच बोलले म्हणून, की त्या बायकांत आणि माझ्यात एक रेघ राहावी म्हणून? याचं उत्तर आज लिहीत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

कामं उरकली. गॅसचा छोटा सिलिंडर, बादली, मच्छरदाणी. लोखंडाच्या दुकानातून दाराला जाडजूड कडी आणली. दुकानदार म्हणाला, एवढं काय ठेवलंय घरात, सोनं? मी हसले. कडी बसवायला इमाकुलाच्या नवऱ्याला सांगता आलं असतं, पण उपकार नकोत म्हणून स्वतःच स्क्रू पिळले. तळहाताला फोड आला आहे. कडी घातल्यावर पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

कोपऱ्यावरचं किराणा दुकान डॉन एलिहियोचं. पोट सुटलेला, कानामागे पेन्सिल, सगळ्यांशी थट्टा. त्याच्याकडे अर्धा कांदा मिळतो, दोन चमचे टोमॅटोची चटणी कागदावर मिळते, तेल पिशवीच्या कोपऱ्यात बांधून मिळतं. दारात माणसाएवढा स्पीकर, त्याच्यातून सकाळपासून विरहाची गाणी. शेजारी डॉमिनो खेळणारे तेच ते चार म्हातारे. सोंगट्या अशा आपटतात की टेबल मोडेल.

एलिहियो फार प्रश्न विचारतो. बाई, कुठल्या गावच्या? एकट्याच? नवरा कुठं विसरलात? कामाला जाता की अभ्यासाला? किती वाजता निघता, कुठल्या बाजूनं? मग म्हणाला, "स्पॅनिश फार शुद्ध बोलता हो तुम्ही. आमच्या कचेरीतल्या साहेबांसारखी."

मी वेळ खोटी सांगितली, वाटही खोटी सांगितली. दुकानदाराला एका परक्या बाईच्या येण्याजाण्याशी काय करायचं आहे? फ्रिट्झनेल सांगत होता की वस्त्यांमध्ये गाडीवाल्यांची माणसं असतात, खबर देतात. एलिहियो तसाच आहे, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे पुरावा नाही. पण यापुढे त्याच्याशी कामापुरतं बोलायचं.

२२ जानेवारी, बुधवार

आज एक चांगली गोष्ट सापडली. दुपारी टिपणं काढत होते, गाण्याने डोकं पिकलं होतं, आणि एकदम ते थांबलं. खिडकीतून पाहिलं तर एलिहियो कानाला फोन लावून उभा. निदान फोनवर बोलताना आवाज बंद करण्याइतकी रीत त्याला आहे. ती शांतता पाहून मी साबण आणायला बाहेर पडले. गल्ली पूर्ण रिकामी. बिगाऱ्यांचे घोळके नाहीत, तळणीचा धूर नाही, दोरीवरचे कपडेसुद्धा कोणी तरी ओढून घेतलेले. ओकापमध्ये रविवारी प्रार्थनेच्या वेळी रस्ते असे होतात. मनात आलं, असं रोज असतं तर मी घाबरले नसते.

साबण घ्यायला दुकानाजवळ गेले तेव्हा डॉमिनोवाल्यांपैकी एक, त्याला नेने म्हणतात, खुर्ची सरकवून म्हणाला, "ऊन फार आहे बाई. बसा जरा आत." मी बसले नाही. एकट्या बाईला आत बसवून घेणारे पुरुष मला ओळखीचे आहेत. साबण न घेताच मोठ्या दुकानाकडे, हमरस्त्याकडे निघाले.

औषधांच्या दुकानापाशी पोचले आणि ती दिसली. पांढरी गाडी, मागे जाळी, जाळीला बोटं. सावकाश चालली होती. मी औषधाच्या दुकानात शिरले आणि वजनकाट्यावर उभी राहिले. का ते माहीत नाही. पोलक्यातली पोच घामाने अंगाला चिकटली होती. गाडी पुढे गेल्यावरही मी काट्यावरून उतरले नाही. शेवटी तिथल्या मुलीने विचारलं, मॅडम, वजन पटत नाही का?

सुदैवाने गल्ली रिकामी होती. घोळका असता तर गाडी आत वळली असती.

२३ जानेवारी

कालचं वाचलं. "सुदैवाने" हा शब्द बरोबर आहे का, असं वाटून गेलं. सुदैव माझं, हे खरं. गल्ली रिकामी असणं हे सुदैव की योगायोग? काहीतरी आहे जे मला नीट मांडता येत नाही. झोप कमी झाली असावी.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळपासून वीज नाही. एलिहियोकडे बॅटरी आहे, पण ती कशाला जोडलेली असावी? स्पीकरला. शीतकपाटातली कोंबडी पाणी सोडते आहे, बर्फाच्या पिशव्या वितळून फळीवरून ओघळताहेत, आणि गाणं चालू. घरमालकीण डोन्या फ्रेदेस भाडं घ्यायला आली होती, तिला मी हे सांगितलं. म्हटलं, माणूस माल वाया घालवतो, पण धिंगाणा थांबवत नाही.

डोन्या फ्रेदेस पंख्याऐवजी हाताने वारा घेत म्हणाली, "एलिहियोचं गाणं बंद पडलं तर माझे भाडेकरू भाडं कुठून देतील, पोरी?"

मी त्यावर विचार केला, पण संबंध लागला नाही. तिचं वय झालं आहे. ती जाताना अंगणाकडे बघून माझ्याकडे बघत म्हणाली, तुला शेजाऱ्यांनी काही सांगितलं नाही का? मी म्हटलं, मी शेजाऱ्यांत फार मिसळत नाही. "हं," म्हणाली आणि पैसे पोलक्यात ठेवून गेली.

पुन्हा दुपारी शांतता झाली, वीज आल्यावर. मी प्रती काढायला जाऊन आले. कोणी भेटलं नाही. शांततेत बाहेर पडायचं हे आता माझं ठरून गेलं आहे. त्या वेळी गल्लीत माझ्याकडे लक्ष वेधेल असं कोणी नसतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

नळावर बायका बोलत होत्या. मी बादली घेऊन गेले आणि बोलणं थांबलं. भांड्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा राहिला. मी मुद्दाम क्रेयोलमध्ये म्हटलं, आज पाण्याला जोर आहे. इमाकुलाने "हो मादाम" म्हणून बादली उचलली, ती अर्धीच भरली होती. तिच्या मागोमाग बाकीच्या.

मला वाटत होतं की ती रेघ मी ओढली आहे. आज दिसलं की त्यांच्या बाजूने भिंत आहे. काय केलं मी? फ्रेंच बोलले, एवढंच ना?

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुढच्या आठवड्यात पहिली परीक्षा. रात्री झोप नाही, दिवसा गाणं. आज धीर करून दुकानात गेले आणि एलिहियोला म्हटलं की पुढचे काही दिवस दुपारी आवाज बंद ठेवाल का. अगदी शांतपणे, विनंती म्हणूनच.

त्याने पेन्सिल कानामागून काढून गल्ल्यावर ठेवली. सोंगट्यांचा आवाज थांबला.

"बंद ठेवू?" तो म्हणाला. "कोणी सांगितलं तुम्हाला हे विचारायला?"

"कोणी नाही. मला अभ्यास करायचा आहे."

"हे गाणं तुमच्यासाठी नाहीये, बाई."

मागून नेने बोलला, माझ्याकडे न बघता, "बाईंना शांतता आवडते. शांतता झाली रे झाली की बाई फिरायला निघतात. हमरस्त्यापर्यंत. आम्ही काय आंधळे आहोत?"

बाकीचे हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. एलिहियोने मला हवे होते ते तांदूळ मोजून दिले, पिशवीला गाठ मारली, आणि रोजचं "चला, पुन्हा या राणीसाहेब" म्हणाला नाही.

म्हणजे हे लोक माझ्या जाण्यायेण्यावर नजर ठेवून आहेत. मी कोणत्या वेळी निघते, कुठवर जाते, सगळं त्यांना ठाऊक आहे. आता मला पुरावा हवा होता तो मिळाला असं वाटतं. घाई करत नाही ना मी? परत परत तपासून पाहिलं. दुसरा अर्थ लागत नाही. यापुढे त्या दुकानात पाय ठेवायचा नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

टेकडीपलीकडच्या दुकानातून सामान आणलं. तिथे मला कोणी ओळखत नाही, पण रस्ता उघडा आहे. प्रत्येक पांढरी गाडी दिसली की मी रस्त्याच्या कडेला होते. पावाची गाडी, दुधाची गाडी, एकदा तर एका लग्नाची. एका भिंतीशी उभी राहून मी मनातल्या मनात स्पॅनिशमध्ये पाठ म्हणत होते, मी विद्यार्थिनी आहे, माझा पासपोर्ट तुमच्याच कचेरीत आहे. नंतर ध्यानात आलं की मी ते मोठ्याने म्हणत होते. एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं.

विडलीनचा फोन आला होता. काय खाल्लंस, विचारत होती. भात आणि घेवड्याची आमटी, असं सांगितलं. खरं म्हणजे तांदूळ होते, गॅस संपला होता, आणि सिलिंडर भरून आणायला बाहेर पडायचं धाडस झालं नव्हतं. कोरडा पाव खाल्ला. मुलीशी खोटं बोलले याची टोचणी आहे. गॅस उद्या आणेन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे कालचं आहे. काल हात चालत नव्हता.

परीक्षा आज होती आणि प्रयोगाला स्वतःचे हातमोजे लागतात. ते आणायचे राहिले होते. काल दुपारी गाणं थांबलं तशी मी दाराला कुलूप लावून निघाले. गल्ली रिकामी होती. अर्ध्या वाटेवर असताना समोरून, हमरस्त्याच्या तोंडाशी, जाळीची गाडी आत वळली. आजवर ती कधी आत वळली नव्हती.

मी वळले. धावायचं नाही, धावलं की पाठलाग होतो, एवढं आठवत होतं. दुकानावरून गेले तेव्हा एलिहियो दारात होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. नेनेने सोंगटी हातात धरली होती, ती खाली ठेवत नव्हता. अंगणात शिरले, माझ्या कुलपात किल्ली जाईना. घाईत ती हातातून पडली आणि दाराखालच्या फटीत गेली. मागे गाडीची दारं उघडल्याचा आवाज आला, बुटांचा आला.

मग मी दारं वाजवली. एक, दुसरं, तिसरं. आत माणसं होती. एका खोलीत कोणी तरी लहान मूल खोकलं आणि त्याचं तोंड दाबल्याचं मला ऐकू आलं. मी क्रेयोलमध्ये म्हणत होते, बाई गं, दार उघड, मी शेजारची. एकही दार हललं नाही. माझ्या आयुष्यात मी बंद दारांसमोर इतकी उभी राहिलेली नाही. शेवटी इमाकुलाच्या दाराशी पाण्याचं पिंप होतं, त्याच्यामागे बसले, गुडघ्यांत डोकं घालून. आणि तिथे माझा घागरा ओला झाला. हे लिहिणार नव्हते. पण ते झालं, आणि पुढचं सगळं त्यामुळेच झालं असं मला वाटतं, म्हणून लिहिते आहे.

दार चार बोटं उघडलं. इमाकुला खाली बघत होती. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पायांपाशी जमिनीवर. तिने माझा दंड धरला आणि ओढून आत घेतलं.

आत अंधार. भिंतीला टेकून माणसं बसलेली, बायका, गवंडी, एकाच्या हाताला अजून ओलं सिमेंट. कोणी सरकलं नाही, सगळे माझ्याकडे बघत होते. अंगणात बूट आले. कोणी तरी काठी पत्र्यावरून ओढत नेली, खोल्यांच्या ओळीवरून, खर्र खर्र, आणि एक जण म्हणाला, काय वास सुटलाय तळलेल्या केळ्यांचा, भूक लागली. दुसरा हसला. आमच्या दाराशी काठी थांबली. इमाकुलाचा हात माझ्या दंडावर होता. तिची बोटं रुतत होती. मला वाटलं की माझा श्वासच बाहेर ऐकू जाईल. मग काठी पुढे गेली.

पलीकडच्या गल्लीतून आरडाओरडा झाला, गाडीचं दार आपटलं, गाडी गेली. तरी कोणी उठलं नाही. मी उठायला गेले तर इमाकुलाने खाली बसवलं. कानात म्हणाली, "अजून नाही. गाणं नाही लागलं."

तेव्हा मला कळलं. एकदम सगळं नाही, पण एकामागून एक. फोन. बॅटरी. रिकामी गल्ली. डोन्या फ्रेदेसचं भाडं. नेनेने सरकवलेली खुर्ची. मी ज्या शांततेत निघत होते ती शांतता कशाची होती.

इमाकुला माझ्याकडे बघत होती. "तर तूही घाबरतेस," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आम्हाला वाटलं, तू त्यांची. गाणं थांबलं की तू बाहेर, आणि थेट गाडीच्या दिशेनं. कागदाची फाईल हातात. मग जाऊन म्हणतेस, गाणं बंद करा. सांग, काय समजायचं माणसानं?"

कोपऱ्यातून एक गवंडी म्हणाला, "मी तर शपथेवर सांगितलं असतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. नुसतं सांगत होता.

मला म्हणायचं होतं की तुम्ही मला सांगायचं होतंत. पण पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, ताटलीसकट.

आणि मग गाणं लागलं. तेच, बाई सोडून गेल्याचं रडगाणं. सगळे एकदम उठले. गवंड्याने टोपी झटकली, इमाकुलाने चुलीवर कढई चढवली, आणि मघापासून गप्प असलेलं तान्हं मूल आता परवानगी मिळाल्यासारखं रडायला लागलं. पलीकडच्या गल्लीतल्या दोघांना गाडीत घालून नेलं, असं संध्याकाळी कळलं. त्यातला एक सकाळी नळावर माझ्या पुढे उभा होता. त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

इमाकुलाने मला तिचा घागरा दिला. माझा तिनेच पिळून दोरीवर टाकला. मी नको म्हटलं तर म्हणाली, गप बस.

परीक्षेला आज गेले. हातमोजे शेजारच्या मुलीकडून मागून घेतले. बरी झाली असावी. उत्तरपत्रिकेवर काय लिहिलं ते आठवत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एलिहियोकडे गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते आणि तिथे त्यातलं काहीच आलं नाही. अर्धा कांदा मागितला. त्याने पूर्ण दिला. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

"आम्हालाही तुमचं माहीत नव्हतं," तो म्हणाला. "मला तर खात्रीच होती. त्या दिवशी दारात उभा राहून बघत होतो तुमच्याकडे आणि म्हणत होतो, बघू या आता, गाडीतल्या आपल्या लोकांना हात करते का ही." मग पेन्सिल कानामागे खोचली. "झोप लागली नाही मला, बाई. तुम्हाला आत घ्यायला हवं होतं."

मी विचारलं, तुम्ही हे का करता. विचारायला नको होतं बहुतेक. त्याने खांदे उडवले. "तुम्ही सगळे पुलापलीकडे गेलात तर माझे तांदूळ कोण नेणार? हा नेने? याचं बिल माझा मुलगा फेडेल."

नेने सोंगटी आपटून म्हणाला की हा सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पुण्यात्मा आहे, शनिवारी वजनात मारतो. मग हसले सगळे. मीही हसले, आणि हसता हसता तोंड फिरवलं.

गाडी दिसली की फोन हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावरून येतो. तिथे कोण आहे ते मी विचारलं नाही आणि कळलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कार्ड आलेलं नाही. कचेरीत विचारलं, बोलावू म्हणाल्या.

आता उलटं झालं आहे. गाणं चालू असेल तरच टिपणं डोक्यात शिरतात. एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंतची फट असते, तेवढ्यातही मान वर होते. सगळ्या अंगणाच्या माना वर होतात. नळावर आज मी हे इमाकुलाला सांगितलं तर म्हणाली, आता झालीस तू इथली. हे कौतुक होतं की कीव, मला सांगता येत नाही. भीती कमी झालेली नाही. आधी ती माझी एकटीची होती. आता जास्त आहे, कारण आता मला सगळ्यांची नावं माहीत आहेत.

माझ्या दाराला सगळ्यांत जाड कडी आहे. लांबून येणाऱ्यांना माझी खोली पहिली लागते. म्हणून गाणं थांबलं आणि मी घरी असले तर जवळ असतील त्यांनी माझ्याकडे यायचं आणि दाराशी मी बसायचं, असं ठरलं आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दुपार. प्रयोगाची अंतिम हजेरी आज आहे. उशीर झाला तर दार बंद होतं आणि हजेरी बुडाली की फ्रिट्झनेलसारखं. पिशवी खांद्यावर घेतली होती, आणि गाणं थांबलं.

इमाकुला आणि तिची दोघं पोरं माझ्याकडे आली आहेत, ती भाजी घ्यायला निघाली होती. गवंड्यांपैकी दोघे आत आले. कडी घातली आहे. सगळे भिंतीला टेकून आहेत. मी दाराशी. गुडघ्यावर वही घेतली आहे कारण हाताला काही तरी हवं.

अजून गाणं नाही. आता निघाले तरच पोचेन. बाहेर कोणी नाही. गाडी कदाचित दुसऱ्या गल्लीत असेल. कदाचित गेलीही असेल आणि एलिहियोला फोन यायचा असेल. इमाकुला माझ्या पिशवीकडे बघते आहे. मी पिशवी खाली ठेवली.

आता निघाले तरी पोचणार नाही.

गल्लीत पावलं आहेत. कोणी तरी धावत येतं आहे. अंगणात वळलं. कुठे थांबलं नाही, सरळ इकडे. अधिकारी असते तर एकटे नसते आले, आणि धावत नसते आले. असं मला वाटतं. खात्री नाही. आतले सगळे माझ्याकडे बघताहेत. गवंडी मान हलवतो आहे, नको म्हणून. इमाकुला हलवत नाही.

दारावर थाप आली. उघड्या हाताची आहे, काठीची नाही. थाप मारणारा माझं नाव घेत नाही, कोणाचंच घेत नाही. त्याला आमची नावं माहीत नसावीत, पलीकडच्या गल्लीतला असावा.

कडी काढते आहे.